द्वारा ५६ एपीओ

तिसरीत असताना वर्गातल्या भारताच्या नकाशावर मी '५६ एपीओ' शोधत बसले होते. वडील कुठं असतात असं कुणी विचारलं की मी तेवढंच सांगायची. पत्रावर तोच पत्ता असायचा: नंबर, हुद्दा, नाव, युनिट, द्वारा ५६ एपीओ. गुरुजींनी जवळ घेऊन समजावलं, हे गावाचं नाव नाही बाळ, सैन्याच्या टपालाचा क्रमांक आहे. शत्रूला कळू नये म्हणून ठिकाण लिहीत नाहीत. शिक्क्यावरही गाव नसायचं, नुसतं एफपीओ आणि एक आकडा. शत्रूबरोबर माझ्या आईलाही ते कधी कळलं नाही.

नाना, म्हणजे माझे वडील, आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होते. १९७७ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावातून भरती झाले, बंगळुरूला ट्रेनिंग झालं, आणि २००१ मध्ये हवालदार म्हणून पेन्शनवर आले. त्या चोवीस वर्षांतली सातेक वर्षं, तीन खेपांत मिळून, त्यांनी श्रीनगर-लेह रस्त्यावर काढली. "लाईनवर होतो," एवढंच म्हणायचे. गावच्या पारावर लढाईच्या गोष्टी सांगणारे माजी सैनिक पुष्कळ होते. नानांना कुणी आग्रह केला की ते म्हणायचे, "आपण काय केलं? आटा, डाळ, रॉकेल पोचवलं."

फेब्रुवारी २०२३ मध्ये नाना गेले. त्यांच्या काळ्या ट्रंकेत आईनं जपलेली दोनशे सात पत्रं होती. वर्षश्राद्ध झाल्यावर आई एक दिवस ज्वारी निवडता निवडता म्हणाली, "ते कुठनं लिहीत हुते ते एकदा बघू या का गं?"

मी शाळेत भूगोल शिकवते. त्या रात्री मी पत्रं पुन्हा वाचायला घेतली. ठिकाणाचं नाव एकाही पत्रात नव्हतं, पण काहींमध्ये एखादा डोंगर, एखादी नदी, एखादा चढ होता. अशी नऊ पत्रं वेगळी काढली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये आम्ही दोघी निघालो.

दिवस पहिला: पुणे ते श्रीनगर

दिल्लीत विमान बदलून दुपारपर्यंत श्रीनगरला पोचलो. नाना हाच प्रवास झेलम एक्सप्रेसनं करायचे. पुण्यातून जम्मू तवी, मग तिथून सैन्याच्या गाडीनं पुढं. रजा संपायच्या आदल्या रात्री आई दशम्या करायची आणि होल्डॉलच्या घडीत शेंगदाण्याच्या चटणीची पुडी सरकवायची. पुडी कोरडी पोचली का, हे कळायला तिला महिनाभर लागायचा.

पीर पंजालच्या रांगा खिडकीतून दिसल्या तेव्हा आईनं माझा हात धरला. "एवढं डोंगर गाडीनं चढून जायाचे?" मी म्हटलं, हे तर अलीकडचे. ती पुन्हा काही बोलली नाही.

दिवस दुसरा: श्रीनगर ते सोनमर्ग

अंतर जेमतेम ८० किलोमीटर, पण आईचं वय लक्षात घेऊन मी मुद्दाम छोटे टप्पे ठेवले होते. रस्ता सिंध नाल्याच्या काठानं जातो. ही सिंध म्हणजे आपली सिंधू नदी नव्हे. ही झेलमला मिळते. सिंधू आम्हाला पुढं, डोंगराच्या पलीकडं भेटायची होती.

आमचा ड्रायव्हर द्रासचा होता. चाळिशीच्या आतला, कमी बोलणारा. कंगनच्या पुढं चहाला थांबलो. उतरल्यावर तो आधी चहाकडं गेला नाही. गाडीभोवती फिरला आणि चारही चाकांच्या मधल्या भागाला उलट्या हाताचा पंजा लावून पाहत गेला.

आईनं माझ्याआधी ते पाहिलं. "ह्यो बघ," ती म्हणाली, आणि खुर्चीवर बसली.

नानांची हीच सवय होती. पेन्शनवर आल्यावर त्यांनी बारा वर्षं शाळेची बस चालवली. सकाळी निघायच्या आधी हवा, पाणी, तेल बघायचं, त्याला ते फर्स्ट परेड म्हणायचे. मध्ये कुठंही गाडी थांबली की हॉल्ट परेड: उलट्या हातानं हब चाचपायचे. ड्रम जास्त तापला असेल तर ब्रेक धरून राहिलाय किंवा बेअरिंग जातंय, हे तिथंच कळतं. तळहातानं का बघत नाही, असं मी एकदा विचारलं होतं. "तळहात भाजला तर स्टिअरिंग कसं धरणार?" हे उत्तर त्यांनी इतक्या साधेपणानं दिलं होतं की ते मला आजही पाठ आहे.

ड्रायव्हरला विचारलं, हे कुठं शिकलास? तो म्हणाला, त्याचा उस्ताद फौजेतून आलेला होता, गाडीआधी त्यानं हात लावायला शिकवलं.

चहा पीत असताना सैन्याचा कॉन्व्हॉय गेला. आईनं गाड्या मोजल्या. बेचाळीस झाल्या.

दिवस तिसरा: झोजी ला

पहाटे निघालो. आईच्या पर्समध्ये १९८४ सालचं पत्र होतं, लग्नानंतरचं दुसरं वर्ष. त्यात नानांनी लिहिलं होतं: "येथे एक चढ आहे. तो लागला की गाडीतले सगळे बोलायचे थांबतात. वर पोचल्यावर आपोआप बोलू लागतात. थांबा असे कोणी सांगत नाही."

बालटालपाशी खाली अमरनाथ यात्रेच्या तळाची मोकळी जागा दिसते, आणि तिथून रस्ता डोंगराच्या अंगाला चिकटून वर चढू लागतो. एका बाजूला ओला, सुटा कातळ. दुसऱ्या बाजूला काहीच नाही. कठडा आहे तिथं आहे, नाही तिथं दगडांना चुना फासलेला. रस्ता बराचसा कच्चा, चिखलाचा. समोरून तेलाचे टँकर येत होते. आमची गाडी आत दाबून उभी राहायची आणि टँकर बोटभर अंतरावरून सरकायचा. पूर्वी इथं एकेरी वाहतूक सोडत, आधी एका बाजूच्या गाड्या, मग दुसऱ्या बाजूच्या. नाना शक्तिमान ट्रक चालवायचे, जबलपूरच्या कारखान्यात तयार झालेले. पॉवर स्टिअरिंग नाही. वळणावर दोन्ही खांदे घालून चाक फिरवावं लागायचं. त्यांचा उजवा खांदा म्हातारपणी सतत दुखायचा आणि आम्ही त्याला संधिवात समजून तेल चोळत राहिलो.

मध्येच वर कुठंतरी दगड कोसळले होते. दीड तास सगळं थांबलं. सीमा सडक संघटनेचं एक यंत्र आमच्या मागून आलं आणि पुढं निघून गेलं. कुणी हॉर्न वाजवला नाही. खाली, बालटालच्या अंगाला, नव्या बोगद्याचं काम चालू आहे. सुमारे १३ किलोमीटरचा तो बोगदा झाला की हा चढ कुणाला चढावा लागणार नाही. होऊ दे, लवकर होऊ दे. एके काळी नोव्हेंबर-डिसेंबरला बंद झालेला हा रस्ता उघडायला मे उजाडायचा. हल्ली दोन महिन्यांच्या आत उघडतात. पण नानांच्या काळात उन्हाळ्याचे पाच-सहा महिने हाती असत, आणि तेवढ्यात लडाखमधल्या सगळ्या फौजेचं हिवाळ्याचं धान्य, रॉकेल, औषधं, दारूगोळा याच वाटेनं वर न्यावं लागे. 'विंटर स्टॉकिंग' हा शब्द आमच्या घरात लहानपणापासून होता. आई पावसाळ्याआधी सरपण भरून ठेवायची, त्यालाही नाना विंटर स्टॉकिंगच म्हणायचे.

गाडीत खरंच कुणी बोलत नव्हतं. मी आईकडं पाहिलं. तिचे ओठ हलत होते, नामस्मरण चाललं होतं.

माथ्यावर फलक आहे: उंची ११,५७५ फूट, म्हणजे ३,५२८ मीटर. खिंड म्हणताना चढ आणि मग तसाच उतार डोळ्यांसमोर येतो, पण झोजी ला तशी नाही. काश्मीरच्या बाजूनं भिंत चढून आल्यासारखं वर यावं, आणि पलीकडं सपाटीवरून हळूहळू उतरत जावं. झाडं मात्र एकदम संपतात. महाबळेश्वराहून निघून माण-खटावात उतरावं तसं, फक्त इथं ते काही मिनिटांत होतं. ढग अलीकडंच अडतात आणि पलीकडं उघडे डोंगर सुरू होतात. वर्गात पर्जन्यछायेचा प्रदेश शिकवताना फळ्यावर मी जी आकृती काढते, तिच्यावरून आमची गाडी जात होती.

गुमरीजवळ १९४८ च्या लढाईचं स्मारक आहे. तोपर्यंत ही खेचरांची वाट होती. शत्रू वरच्या खडकांत बसलेला, पायदळाचे हल्ले फसलेले. मग मद्रास सॅपर्सनी, म्हणजे सैन्याच्या अभियंत्यांनी, वाट रुंद केली, वरचे तोफेचे बुरूज उतरवलेले स्टुअर्ट रणगाडे झाकून, गुपचूप बालटालपर्यंत आणले गेले, आणि १ नोव्हेंबर १९४८ ला ७ कॅव्हलरीच्या रणगाड्यांनी ही खिंड फोडली. एवढ्या उंचीवर रणगाडा येईल हे समोरच्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्याच महिन्यात द्रास आणि कारगिल परत मिळालं. या लढाईचं नेतृत्व करणाऱ्या जनरल थिमय्यांचं नाव नाना आदरानं घ्यायचे, हे मला तिथं आठवलं. कारण मात्र त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

"आलं का वर?" आईनं विचारलं. मी हो म्हटलं. मग ती बोलायला लागली ते द्रासपर्यंत थांबली नाही. लग्नात नानांनी कोट उसना आणला होता, पहिल्या रजेत त्यांनी तिला सायकलवर बसवून पुसेगावच्या यात्रेला नेलं होतं, सासूबाईंपासून लपवून अंतर्देशीय कसं लिहायची. यातलं निम्मं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

रात्री द्रासला मुक्काम केला. खोलीच्या खिडकीतून एक टोकदार डोंगर दिसत होता. आईनं आणखी एक पत्र काढायला लावलं, मे १९८५ चं. "तार मिळाली. मुलगी झाली, फार आनंद झाला. तारेला येथे यायला अकरा दिवस लागले. खिडकीतून देवळाच्या कळसासारखा एक डोंगर दिसतो, त्याला नमस्कार केला. नाव तुम्ही ठरवा." ती मुलगी म्हणजे मी. समोरचा डोंगर टायगर हिल होता, पाच हजार मीटरहून उंच. नानांनी नमस्कार केला तो हाच होता का, हे सांगता येणार नाही. लडाखमध्ये कळसासारखे डोंगर पुष्कळ आहेत. आईला तेवढा संशय नव्हता. तिनं दोन्ही हात जोडले.

दिवस चौथा: द्रास, मग कारगिल

या दिवसाबद्दल लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

कारगिल युद्धस्मारक द्रासच्या पुढं, महामार्गाला लागूनच आहे. मागं तोलोलिंग. चित्रांत पाहताना वाटतं की तो डोंगर स्मारकाच्या पार्श्वभूमीला शोभून दिसतो. तिथं उभं राहिल्यावर वेगळं दिसतं: त्या माथ्यावरून हा रस्ता अंगणासारखा दिसत असणार. १९९९ च्या मे महिन्यात वर बसलेला शत्रू रस्त्यावरची एकेक गाडी मोजू शकत होता आणि तोफांना नेम सांगू शकत होता. श्रीनगरकडून लेहला जाणारा रस्ता हा एवढाच. म्हणून आधी तोलोलिंग घ्यावं लागलं. १३ जूनला २ राजपुताना रायफल्सनी ते घेतलं. टायगर हिल ४ जुलैला १८ ग्रेनेडियर्सनी. युद्धात आपले ५२७ जवान गेले. त्यांची नावं भिंतीवर आहेत.

आई त्या भिंतीपुढून फार हळू चालली. तिला देवनागरी अक्षर अक्षर लावून वाचता येतं, चौथीपर्यंत शिकलेली. इंग्रजीतली नावं मला वाचून दाखवायला सांगितली. आडनाव ओळखीचं लागलं की ती थांबायची, "आपल्याकडचा?" विचारायची.

तिथं एक तरुण जवान येणाऱ्यांना युद्धाची माहिती देतो. उभं राहून, हात न हलवता, पाठ म्हटल्यासारखं नाही तर सांगायचं म्हणून सांगत होता. तोफखान्याचा विषय आला. या युद्धात तोफखान्यानं सुमारे अडीच लाख गोळे, बॉम्ब आणि रॉकेट डागली. बोफोर्सचा एक गोळा चाळीस किलोहून जड असतो. आईनं मला हळूच विचारलं, "ते हितवर कसं आणलं?" मी तोच प्रश्न हिंदीत त्याला विचारला. तो म्हणाला, "गाड़ियों से, माताजी। सब रात में। लाइट बंद करके।"

आईनं पर्स उघडली. तिनं काढलेलं पत्र मला दिलं, पण ते वाचायची गरज नव्हती. ते आम्हा दोघींना पाठ होतं. तारीख १७ जून १९९९:

"मी येथे खुशाल आहे. सध्या रात्रपाळी आहे, झोप दिवसा होते. जेवण चांगले आहे. पोरीला नववीची पुस्तके नवीनच घ्यावीत, जुनी नकोत. पाऊस पडला का? वरच्या वावरात घेवडा टाकावा. काळजी नसावी."

त्या जूनमध्ये गावात ज्यांच्याकडं टीव्ही होता त्यांच्या ओट्यावर माणसं जमायची. आईला बायका विचारायच्या, तुमचे कुठं आहेत? रात्रपाळी म्हणजे गोदामावरचा पहारा, असं तिनं धरलं होतं. ती सगळ्यांना सांगायची, ते लढाईत नाहीत, त्यांची रात्रपाळी आहे. आणि ज्यांची मुलं खरोखर लढाईत होती, त्यांच्या घरी जाऊन ती बसायची, धीर द्यायची.

आम्ही बाहेर येऊन गाडीपाशी बसलो. ड्रायव्हर काही वेळानं स्वतःहून बोलू लागला. १९९९ मध्ये तो दहा वर्षांचा होता. गोळे गावात पडू लागल्यावर घरचे रात्री द्रास सोडून निघाले. रस्त्याच्या कडेकडेनं चालत होते. समोरून गाड्या यायच्या, पण दिसायच्या नाहीत. नुसता आवाज यायचा, अगदी जवळून. बाप मुलांना दरीकडं नाही, डोंगराकडं दाबून धरायचा. गाडी पुढं गेली की तिच्या खाली, मागच्या बाजूला, एक पांढरा ठिपका दिसायचा. तेवढाच. मग पुढची गाडी.

तो ठिपका काय आहे हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्या क्षणापर्यंत मला माहीत नव्हतं. सैन्याच्या ट्रकच्या मागच्या डिफरन्शियलवर, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या गोल पेटीवर, पांढरा गोल रंगवलेला असतो. त्यावर एक बारीक दिवा लावतात, वरून दिसत नाही असा. मागचा ड्रायव्हर तो गोल बघत गाडी हाकतो. नानांनी शाळेच्या बसलाही मागून खाली असाच पांढरा गोल रंगवला होता. दर दिवाळीला नवा हात द्यायचे. बसमालकानं विचारलं तेव्हा म्हणाले, "मागच्याला दिसावं म्हणून." आम्ही ती त्यांची आवड समजलो.

खाली दरी, वर शत्रू, पाठीमागं दारूगोळा, समोर एक पांढरा गोल. आणि सकाळी कुठंतरी ट्रकच्या सावलीत बसून लिहायचं, घेवडा टाकावा.

आई बऱ्याच वेळानं म्हणाली, "मी सगळ्यांस्नी सांगत सुटले, ते लढाईत न्हाईत म्हणून."

मी तिला सांगितलं की त्यांनाही तसंच सांगितलेलं हवं होतं. तिनं मान हलवली, पण ती होकाराची नव्हती. मग तिनं डोळे पुसले आणि त्या जवानाला घरचा लाडू देऊन यायला मला पाठवलं. त्यानं नको नको म्हणत घेतला, आणि विचारलं, बाबूजी कुठल्या कोअरचे? मी एएससी म्हटल्यावर तो आईपर्यंत चालत आला. टाचा जुळवून "जय हिंद, माताजी" म्हणाला. आई उभी राहिली. तिनं काय करावं हे तिला सुचेना, मग तिनं त्याच्या गालावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली.

कारगिलला संध्याकाळी पोचलो. तिथल्या बाजारात जर्दाळू घेतले. नाना रजेवर येताना आणायचे, आणि आम्ही पोरं बिया दगडानं फोडून आतला गर खायचो.

दिवस पाचवा: कारगिल ते लेह

लांबचा पल्ला, दोनशेहून जास्त किलोमीटर, पण रस्ता उत्तम. नमिका ला, मग फोटू ला. फोटू ला ४,१०८ मीटर, श्रीनगर-लेह रस्त्यावरची सगळ्यात उंच जागा. झोजी लापेक्षा उंच असूनही तिथं भीती अशी वाटत नाही. आईचं डोकं दुखू लागलं म्हणून आम्ही वर थांबलोच नाही.

लामायुरूच्या वळणावर मात्र तिनं गाडी थांबवायला लावली. तिथं पिवळसर, दुमडलेल्या, सुरकुतलेल्या टेकड्यांचा एक आख्खा पट्टा आहे. लोक त्याला चंद्रभूमी म्हणतात. १९८६ च्या पत्रात नानांनी लिहिलं होतं: "एका ठिकाणी तळे आटल्यावर गाळ वाळून भेगाळतो तसा पूर्ण डोंगर आहे. पाणी मात्र कुठेच नाही." इथं प्राचीन काळी खरोखरच तळं होतं. हा त्याच्या तळाचाच गाळ, पाणी गेल्यावर उघडा पडलेला आणि वाऱ्यापावसानं कोरलेला. हे मी पुस्तकात वाचून शिकले. सातवी पास झालेला, पाझर तलावाचा गाळ बैलगाडीनं वावरात टाकलेला माणूस ट्रकमधून जाता जाता ते ओळखून गेला होता. हे पत्र ते हयात असताना मी नीट वाचलं असतं, तर त्यांना सांगितलं असतं की नाना, बरोबर आहे तुमचं.

निमूला सिंधू आणि झंस्कर मिळतात. रस्ता वर आणि संगम खाली, त्यामुळं दोन रंग स्पष्ट दिसतात. काही अंतर दोन्ही पाणी शेजारी शेजारी वाहतं. "आपल्या माहुलीसारखे," नानांनी लिहिलं होतं, "पण घाट नाही, देऊळ नाही, कोणी माणूस नाही." कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, माहुलीलाच आम्ही त्यांचा दहावा केला होता. आई खाली उतरायचं म्हणाली नाही. वरूनच बघत राहिली.

दिवस सहावा: लेह

विश्रांती. लेह ३,५०० मीटरवर आहे, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की पहिला दिवस नुसता पडून काढा. आई झोपली. मी उरलेली पत्रं वाचली.

एप्रिल १९८४ मध्ये सैन्य सियाचिनवर गेलं. १३ एप्रिल, ऑपरेशन मेघदूत. त्यानंतर लेहहून खारदुंग ला ओलांडून नुब्राच्या खोऱ्यात रोज रसद जाऊ लागली, आणि नाना काही महिने त्या वाटेवर होते. "लोखंडाला उघडा हात लावायचा नाही, कातडी चिकटते. सकाळी इंजिनखाली स्टोव्ह लावून तेल पातळ करतो, मग गाडी उठते," असं एका पत्रात आहे. खारदुंग लाला जायचं माझ्या मनात होतं. आईचा श्वास पाहून ते रद्द केलं.

संध्याकाळी शांती स्तूपापर्यंत गाडीनं गेलो. तिथून खारदुंग लाचा रस्ता डोंगरावर दोरा टाकल्यासारखा दिसतो. अंधार पडल्यावर त्यावरून एकामागोमाग दिवे खाली उतरू लागले.

"आता दिवं लावत्यात," आई म्हणाली.

दिवस सातवा: लेहचं टपाल कार्यालय

परतीचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळचं होतं. बाजारात फिरताना आईला टपालाची लाल पेटी दिसली. आत गेल्यावर तिनं अंतर्देशीय मागितलं. अडीच रुपयांचं ते निळं पत्र तिनं उलटंपालटं करून पाहिलं, बाकावर बसली, माझं पेन घेतलं. कुणाला लिहितेस, विचारलं तर माझ्या मुलाचं नाव सांगितलं. तो पाचवीत आहे, आजोबांच्या बसमध्ये कधी बसलेला नाही.

अर्धा तास लागला तिला. मी वाचू नये म्हणून हातानं झाकून लिहीत होती, पण शेवटी वाचायला दिलं. "चि. बाळास अनेक आशीर्वाद. आम्ही येथे खुशाल आहोत. थंडी आहे. जेवण चांगले आहे. तुझे आजोबा गाडी चालवायचे तो रस्ता पाहिला. तो फार अवघड आहे. रात्री दिवे न लावता चालवायचे. आल्यावर सांगीन. अभ्यास करावा."

पत्र दुमडून तिनं मागची बाजू वर केली. पाठवणाऱ्याच्या जागी स्वतःचं नाव लिहिलं, आणि त्याखाली, चाळीस वर्षांपूर्वीच्या सवयीनं, 'द्वारा'. मग थांबली.

"पुढं काय लिहू?"

"द्वारा नको, आई. नुसतं लेह लिही. लडाख."

तिनं 'द्वारा' खोडलं. खाली लेह लिहिलं, लडाख लिहिलं, पेन टेकवून ठेवलं.

"पिन?"

"एक, नऊ, चार, एक, शून्य, एक."

चौकोनांमध्ये तिनं एकेक आकडा बसवला, आणि पत्र घेऊन डिंकाच्या बाटलीकडं गेली.